तारेचें गणित

वाचकहो, या सदरांत आजवर मी सुभाषितें, शब्दांच्या व्युत्पत्ती आणि खानदेशांतील जुनीं स्थळें यांविषयीं लिहीत आलों. आजचा विषय निराळा आहे: विजेची गिटार. आणि त्या निमित्तानें माझ्या हातून घडलेल्या एका प्रमादाची कबुलीही द्यावयाची आहे.

माझा सोळा वर्षांचा नातू धुळ्यास आमच्याजवळ राहतो. विजेची गिटार आपण स्वतःच्या हातानें करणार, असें त्यानें एके दिवशीं जाहीर केलें. बाजारांत तयार मिळणारी वस्तु घरीं कशाला घडवावी, असें मला वाटलें. त्यावर त्यानें ब्रायन मे या इंग्रज वादकाचें उदाहरण सांगितलें. शाळकरी वयांत, १९६३ सालीं, त्यानें वडिलांच्या मदतीनें अशीच गिटार करावयास घेतली. तिच्या मानेसाठीं जुन्या शेकोटीच्या चौकटीचें लाकूड वापरलें, मोटारसायकलच्या स्प्रिंगा बसविल्या, आणि पुढें जगभरच्या सभागृहांत तीच वाजविली. दृष्टान्त बिनतोड होता. आमच्या जुन्या वाड्याच्या दाराची सागवानी फळी माळ्यावर पडून होती. ती मीं त्यास काढून दिली. आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या लेखणी चालली, पटाशी कधीं चालली नाहीं. परंतु मिरजेस शस्त्रांना धार लावणारे शिकलगार सतारी व तंबोरे घडवूं लागले, आणि त्यांच्या वंशजांच्या त्या कामास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें आठवून मी गप्प बसलों.

सतारीस भोपळा लागतो, कारण तारेचा क्षीण नाद त्या पोकळींत घुमतो. विजेच्या गिटारीस पोकळीची गरज नाहीं. भरीव फळी पुरते. तारांखालीं लोहचुंबक असतो व त्याभोंवतीं केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार कंप पावली कीं चुंबकाचें क्षेत्र हलतें आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेला नियम तो हाच. विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या एका कारागिरानें मुलास वेढे मोजण्याची युक्ति शिकविली. पहिली गुंडाळी मध्येंच तुटली, दुसरी साधली. सहा तारांचा मिळून ताण सुमारें ४५ किलो असतो. त्यानें मान वांकूं नये म्हणून तिच्यांत पोलादी सळई घातली. तारांखालचा ब्रिज भूतारेस जोडला, म्हणजे गुणगुण कमी होते.

आतां माझा प्रमाद. मानेवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांस आपल्या ग्रंथांत सारिका म्हणतात. त्या कोठें बसवाव्या, हें मुलानें मला विचारलें. मला कोण आनंद! सतराव्या शतकांतील अहोबलाच्या संगीतपारिजातांत तारेच्या लांबीवरून स्वरस्थानें सांगितलीं आहेत: तारेच्या मध्यावर तार षड्ज, आणि मेरू व तार षड्ज यांच्या मध्यावर मध्यम. त्याच पद्धतीनें, शुद्ध अपूर्णांक धरून, मीं ६४८ मिलिमीटरच्या तारेचा तक्ता करून दिला. मध्यम १६२ वर, पंचम २१६ वर, गांधार १२९.६ वर. मुलानें तो शिरसावंद्य मानला, करवतीनें खांचा पाडल्या व सारिका ठोकल्या.

एक तार लावून त्यानें गांधार वाजविला. इतका गोड कीं माझे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशीं सहाही तारा चढवून त्यानें निरनिराळे स्वर एकदम छेडले, तों कर्कश गोंधळ! तो म्हणाला, "आजोबा, माझीच करवत वांकडी गेली असावी." चार दिवस तो कानस घेऊन सारिका घांसत बसला.

वाचकहो, दुसऱ्याच दिवशीं रात्रीं मला कळून चुकलें होतें कीं चूक करवतीची नव्हती. सतारीच्या सारिका दोऱ्यानें बांधलेल्या असतात. रागाप्रमाणें त्या सरकवितां येतात, आणि सर्व गायन एका षड्जावर उभें असतें. गिटारीची सारिका ठोकलेली असते, आणि तीच सहा तारांखालून जाते. एका तारेवर जी गांधाराची जागा, ती दुसरीवर भलत्याच स्वराची होते. म्हणून तेथें सप्तकाचे बारा भाग समान गुणोत्तरानेंच करावे लागतात. आपल्या पेटीचेंही तसेंच. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला बंदी केली, तेव्हां याच समान स्वरांविषयीं तक्रार होती. हें सारें कळूनही मी दोन दिवस बोललों नाहीं. मूल स्वतःच्या हाताला दोष देत होतें, आणि मी माझ्या विद्वत्तेची अब्रू राखीत होतों.

तिसऱ्या रात्रीं मीं त्यास उठविलें आणि सर्व सांगितलें. तो रागावला नाहीं, "मग आतां हिशेब काय?" एवढेंच म्हणाला. हिशेब सोपा आहे. तारेच्या लांबीस १७.८१७ नें भागावें. येईल तेवढ्या अंतरावर पहिली सारिका, म्हणजे ३६.३७ मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीस पुन्हां त्याच संख्येनें भागावें. बारावी सारिका बरोबर मध्यावर, ३२४ वर येते. मात्र सर्व अंतरें प्रत्यक्ष आंखतांना मेरूपासूनच मोजावीं, नाहींतर लहान चुका सांचत जातात. मध्यम-पंचमांत माझ्या तक्त्याशीं अर्ध्या मिलिमीटरचाच फरक निघाला, गांधारांत चारांचा. भास्कराचार्यांच्या लीलावतींतील गुणोत्तर श्रेढी ती हीच. त्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. त्याचा शिलालेख आपल्याच जळगांव जिल्ह्यांत, चाळीसगांवाजवळ पाटणास आहे. तें गणित मीं चाळीस वर्षें शिकविलें, आणि गरजेच्या वेळीं मलाच आठवलें नाहीं.

जळगांवच्या लाकडाच्या वखारींतून शिसवीची नवी पट्टी आणली. या खेपेस खांचा दोघांनीं मिळून पाडल्या. मापें मी वाचलीं, करवत त्यानें चालविली. आतां गिटार सुरांत वाजते. तींतून निघणारें सर्वच संगीत मला रुचतें, असें म्हणणें खोटें होईल.

जुनी पट्टी मुलानें टाकली नाहीं. ती एका फळीवर बसवून त्यानें तिजवर एकच तार ताणली व माझ्या हातीं दिली. एका तारेवर, एका षड्जाशीं, तो गांधार अजूनही शुद्ध आहे. सायंकाळीं मी तो छेडतों, आणि शेजारच्या खोलींत गिटार चालू असते.