कुशल कामगाराचा कोंडमारा आणि युनियनचे मौन

भोसरी-चाकणपासून अंबड-वाळूजपर्यंतच्या औद्योगिक वसाहतींत कोणत्याही यंत्रशाळेतील कुशल कामगाराला बोलते करावे, दोन तक्रारी हमखास कानी पडतात. एक, साहेबाला कामातले कळत नाही आणि ज्याला कळते त्याला तो विचारीत नाही. दुसरी, शेजारचा सोबती विश्वासाचा राहिलेला नाही. व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांनी या दोन्ही तक्रारींचे एकच निदान करून ठेवले आहे: कामगाराची मनोवृत्ती बिघडली आहे. मग उपाय म्हणून एखादा व्याख्याता बोलावला जातो, सकारात्मक विचारांवर तासभर प्रवचन होते, चहा-बिस्किटे होतात आणि दुसऱ्या पाळीत पुन्हा तेच सुरू होते. मालकवर्गाने असे निदान करावे यात नवल नाही. खेद याचा की, युनियनच्या अनेक पुढाऱ्यांनीही ते मनोमन मान्य केले आहे. फिटर-टर्नरचे वरिष्ठांशी आणि सोबत्यांशी उडणारे खटके त्यांना किरकोळ वाटतात. पगारवाढीचा आकडा तेवढा खरा प्रश्न वाटतो.

प्रथम वरिष्ठांची गोष्ट. लेथवर वीस वर्षे काढलेला टर्नर छिलक्याच्या रंगावरून आणि यंत्राच्या आवाजावरून हत्याराची धार गेल्याचे ओळखतो. आजच्या सीएनसी यंत्रावर कापण्याची गती, खोली आणि एका जॉबला लागणारे सेकंद हे सारे कचेरीत ठरते. मापात शतांश मिलिमीटरचा फरक पडू लागला तर ऑफसेट बदलून तो सावरता येतो. परंतु अनेक कारखान्यांत हा अधिकार ऑपरेटरकडून काढून सेटरकडे दिलेला असतो आणि एकेका सेटरच्या गळ्यात अनेक यंत्रे असतात. तो येईपर्यंत यंत्र थांबवावे तर टार्गेट बुडते, चालू ठेवावे तर माल रिजेक्ट होतो. तपासणीच्या कागदावर सही मात्र ऑपरेटरची, आणि मेमोही त्यालाच. त्याच्यावर ओरडणारा तरुण सुपरवायझर तरी कोण असतो? बहुधा मुदतीच्या करारावर आलेला, वरून येणाऱ्या आकड्यांनी धास्तावलेला एक डिप्लोमाधारक. त्याच्या उद्धटपणाचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण त्याला खलनायक ठरवून प्रश्न मिटत नाही.

ही रचना अपघाताने आलेली नाही. शास्त्रीय व्यवस्थापनाचा जनक फ्रेडरिक टेलर स्वतः यंत्रशाळेत उमेदवारी केलेला माणूस होता. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात मुकादम झाल्यावर कालच्या सोबत्यांशीच त्याचे दीर्घकाळ भांडण जुंपले. कामाचे ज्ञान कारागिराच्या डोक्यात आहे तोवर कामाचा वेगही त्याच्याच हाती राहणार, हे त्याने त्या भांडणात ओळखले, आणि ते ज्ञान उचलून नियोजनाच्या कचेरीत नेण्याचा मार्ग १९११च्या आपल्या पुस्तकात मांडला. तांबट म्हणून उमेदवारी केलेल्या हॅरी ब्रेव्हरमनने १९७४ साली या मार्गाचे खरे स्वरूप उघड केले. टेलरला ज्यासाठी घड्याळ घेऊन उभे राहावे लागे, ते आता यंत्राच्या पडद्यावरच नोंदले जाते, एवढाच फरक.

आता सोबत्यांकडे वळावे. टूलरूममधील जुना कारागीर आपल्या टूलबॉक्सला कुलूप घालतो. डायचे फिटिंग कसे जमवले हे तो शेजारच्या पोराला सांगत नाही; पोर जवळ आले की पाठ फिरवतो. पोर त्याला खडूस म्हणते, तो पोराला उपरा म्हणतो. दोघेही आयटीआयचेच, एक १९९५चा तर एक २०२०चा. परंतु एक कायम आहे आणि दुसरा ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा. एकाच यंत्रावर आळीपाळीने काम करूनही एकाचा पगार दुसऱ्याच्या कित्येक पट. हातातली कला देऊन टाकली की आपल्याला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज पुढे केला जाईल, ही जुन्या कारागिराची भीती खुळी आहे काय? त्याच्याजवळ ती कला हीच काय ती मालमत्ता. भांडवलदाराने तिजोरीला कुलूप घातले तर तो विवेक, आणि कामगाराने टूलबॉक्सला घातले तर ती मनोवृत्ती!

ही दुफळी किती वाढली आहे ते सरकारच्याच वार्षिक उद्योग पाहणीत दिसते. २०००-०१ साली कारखान्यांतील कामगारांपैकी सुमारे २० टक्के कंत्राटी होते. २०२२-२३ साली हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेले. यात शिकाऊ उमेदवारांची भर वेगळीच. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या १८व्या कलमाने ते कामगारच नव्हेत. आणि कारखान्यात त्यांच्या संख्येची कमाल मर्यादा २०१९ साली १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेण्यात आली. शिकाऊ म्हणून घ्यायचे, पूर्ण पाळी राबवायचे, मुदत संपली की नवा आणायचा. शिकवायचे कोणी? ज्याच्या टूलबॉक्सला कुलूप आहे त्याने!

समान कामाला समान वेतन हे तत्त्व १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील नियमांतही लिहिलेले होते. ते किती कारखान्यांत पाळले गेले हे कामगारांना ठाऊक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेनुसार, हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन ही वाटाघाटीची एकमेव युनियन. पण हजेरीपट कोणाचा? कंपनीचा. ठेकेदाराच्या पटावरील कामगार यात मोजलाच जात नाही. म्हणजे यंत्रशाळेत अल्पसंख्य उरलेल्या कायम कामगारांनी सर्वांच्या वतीने करार करायचा आणि बहुसंख्यांनी तो फलकावर वाचायचा.

मालकांनी व सरकारने हे केले, हे खरे. पण युनियनांनी काय केले? वेतनकरारात पगारवाढीच्या मोबदल्यात उत्पादनवाढ मान्य करायची आणि ती वाढ प्रत्यक्षात कंत्राटी पोरांच्या अंगावर ढकलायची, हा प्रकार ज्या पुढाऱ्यांनी डोळ्यांआड केला त्यांना भांडवलशाहीवर भाषणे करण्याचा अधिकार किती उरतो? काही युनियनांनी कंत्राटी कामगारांना कायम करून घेण्यासाठी चिवट लढे दिले आहेत. ते अपवाद आहेत म्हणूनच लक्षात राहतात. २०११च्या ऑक्टोबरमध्ये हरियाणातील मानेसर येथे मारुती-सुझुकीच्या कायम कामगारांनी, कंत्राटी सोबत्यांना परत कामावर घ्यावे म्हणून कारखान्यातच ठाण मांडले. पुढे १८ जुलै २०१२ रोजी तेथे झालेल्या हिंसाचारात एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. त्या हिंसेचे समर्थन कोणीही समाजवादी करणार नाही. परंतु त्या हिंसेचा दाखला देऊन आधीच्या ऑक्टोबरमधील एकजूट विसरायला लावणे हा मालकांचा डाव आहे, आणि तो बराचसा यशस्वी झाला आहे.

साहेबाच्या मेमोची तक्रार आणि सोबत्याच्या कुलपाची तक्रार ही मागणीपत्रकाची कलमे झाली पाहिजेत. ऑफसेट बदलण्याचा आणि सदोष यंत्र थांबवण्याचा अधिकार ऑपरेटरला. थांबवल्याबद्दल मेमो नाही. शिकवणाऱ्या जुन्या कारागिराला शिकवण्याचा वेगळा भत्ता आणि निवृत्तीपर्यंत कामाची लेखी हमी. कंत्राटी सोबत्याला त्याच कामाचे तेच वेतन, आणि युनियनच्या सभेत मत. यांपैकी शेवटच्या कलमाला मालकाच्या सहीची गरज नाही. युनियनच्या कार्यकारिणीची पुरते. सध्या द्वारसभेच्या वेळी कायम कामगार फाटकापाशी घोषणा देत असतात आणि कंत्राटी पोरे त्यांच्या बाजूने, मान खाली घालून, ठेकेदाराच्या गाडीकडे निघून जातात. त्यांना थांबा असे म्हणणारा कोणीही नसतो.