मुठीत मावणारी पृथ्वी

पाथरी म्हटलं की लोकांना साईबाबा आठवतात. माझं म्हणणं, आणखी एक नाव आठवावं – ज्ञानराज. १५०३च्या सुमाराला त्याने 'सिद्धांतसुंदर' हा खगोलावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला. तो गोदाकाठच्या पार्थपूरचा, आणि पार्थपूर म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातलं पाथरी, असं अभ्यासक मानतात. पुराणांतली सपाट पृथ्वी आणि गणितातली गोल पृथ्वी यांचा मेळ घालायचा त्याने बराच खटाटोप केला.

पृथ्वी गोल, मग सपाट का दिसते? त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी भास्कराचार्यांनी उत्तर देऊन ठेवलं होतं. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो, आणि एवढ्या मोठ्या पृथ्वीवर माणूस केवढासा! उत्तर बिनतोड आहे. पण मुलांना विचारा, ते पाठ होतं, पटत नाही. पटायला पृथ्वी हातात यावी लागते.

सतराव्या शतकात लंडनच्या जोसेफ मॉक्सनने ती खिशात आणली. तीन इंचांचा गोल! तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या नकाशाच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पट्ट्या कापायच्या, गोलावर सुरकुती न पडता चिकटवायच्या, हाताने रंगवायच्या. वर गोल डबी, आणि डबीच्या आतून आकाशातली नक्षत्रं.

आपल्याकडे आर्यभटाने लाकडाचा गोल करायला सांगितलं. सांगणाऱ्याचं नाव शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, पण तो कातणाऱ्याचं कुणालाच नाही. लाहोरच्या कारागिरांनी मात्र पितळेचे बिनजोड खगोल ओतले आणि त्यावर स्वतःची नावं कोरली. अली काश्मिरी याचा खगोल १५८९-९० सालचा. मला विचाराल तर ही नावंही ज्ञानराजाच्या पंक्तीला बसवायला हवीत. श्लोक आणि हात वेगळे काढले की ज्ञान पाठांतरापुरतंच उरतं.

आमच्या शाळेतला पृथ्वीगोल फुटेल म्हणून कपाटावर असायचा. आम्ही त्याचा दक्षिण ध्रुव तेवढा पाहिला, खालून!

खरं तर फार काही लागत नाही. युरोपातल्या गोलांचं कवच बहुधा कागदाच्या लगद्याचंच असे. आपल्या आज्यासुद्धा रद्दी भिजवून, मेथ्या वाटून घालून टोपल्या करायच्याच की. तोच लगदा चेंडूवर थापायचा, वाळल्यावर दोन अर्धुकं कापून जोडायची आणि वर नकाशा काढायचा.

तेव्हा मामा-मावश्यांनो, यंदाच्या सुट्टीत भाच्यांना तयार पृथ्वीगोल आणून देऊ नका. रद्दी द्या. पाथरी कुठे येते ते त्यांचं त्यांना शोधू द्या.