इंग्रजीच्या सराव पाठाचे मोजमाप

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्यात शालेय आंतरवासितेसाठी, म्हणजे भावी शिक्षकाने प्रत्यक्ष शाळेत राहून अध्यापनाचे काम शिकण्यासाठी, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६ असे एकूण २० आठवडे राखून ठेवले. छात्राध्यापकाला शाळेत मिळणारा वेळ त्यामुळे वाढला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु वेळ वाढला म्हणून सरावाचा दर्जा आपोआप वाढत नाही, आणि इंग्रजी या विषयाच्या बाबतीत तर ही उणीव विशेष जाणवते. सराव पाठाचे मूल्यमापन बहुतेक ठिकाणी आजही छात्राध्यापकाने काय केले यावरूनच होते. त्या तासात वर्गातील मुलांना इंग्रजी किती वापरता आले, हा प्रश्न निरीक्षणाच्या वहीत क्वचितच उतरतो. हे मोजमाप बदलल्याशिवाय आंतरवासितेचे वाढीव आठवडे सार्थकी लागणार नाहीत, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

इंग्रजीसाठी वेगळ्या मोजमापाची गरज का आहे, हे आधी पाहिले पाहिजे. इतिहासाच्या किंवा भूगोलाच्या तासात भाषा हे माध्यम असते आणि आशय त्याहून वेगळा असतो. इंग्रजीच्या तासात मात्र भाषा हेच माध्यम असते आणि भाषा हाच आशय असतो. महाराष्ट्रात २००० सालच्या जून महिन्यापासून मराठी माध्यमाच्या शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. परंतु जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या असंख्य मुलांच्या घरात, वस्तीत किंवा बाजारात इंग्रजी बोलले जात नाही, त्यामुळे ती भाषा ऐकण्याची आणि बोलून पाहण्याची त्यांची हक्काची जागा म्हणजे शाळेतला तो एक तास. त्या तासातील बराच वेळ शिक्षकाच्याच बोलण्यात गेला, तर ते बोलणे कितीही शुद्ध आणि ओघवते असले तरी मुलांच्या वाट्याला भाषेचा वापर येत नाही, केवळ भाषेविषयीची माहिती येते.

या दृष्टीने पाठ टाचणाच्या प्रचलित नमुन्याकडे पाहणे उद्बोधक ठरते. पाठ टाचण, म्हणजे पाठापूर्वी लिहून निरीक्षकाकडून तपासून घ्यायचा आराखडा, साधारणपणे रकान्यांमध्ये मांडलेला असतो आणि त्यात ‘अध्यापक कृती’ व ‘विद्यार्थी कृती’ असे दोन रकाने शेजारी शेजारी असतात. या मांडणीमागे जर्मन शिक्षणतज्ज्ञ योहान हर्बार्ट यांच्या परंपरेतून आलेल्या पाठाच्या पायऱ्यांचा, म्हणजे पूर्वतयारीपासून उपयोजनापर्यंतच्या क्रमाचा, दीर्घ प्रभाव आहे. नवशिक्या शिक्षकाला असा क्रम आधार देतो, यात वाद नाही. अडचण दुसऱ्या रकान्याची आहे. मुले काय उत्तर देतील हे छात्राध्यापक आदल्या रात्री स्वतःच लिहितो. वर्गात त्याच उत्तराची वाट पाहतो. ते मिळाले की पुढे सरकतो आणि न मिळाल्यास एखाद्या हुशार मुलाला उभे करून ते मिळवतो. वर्गातील इतर मुलांनी प्रत्यक्षात काय म्हटले, किंवा काहीच का म्हटले नाही, याची नोंद त्या टाचणात कुठेही राहत नाही. शेवटच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकाच्या शेऱ्यांतही ‘आवाज स्पष्ट’, ‘फलकलेखन सुबक’, ‘साधनांचा योग्य वापर’ अशा बाबीच प्रामुख्याने येतात.

एखादा साधा प्रसंग जवळून पाहिला की या उणिवेचे स्वरूप स्पष्ट होते. सहावीच्या वर्गात छात्राध्यापक इंग्रजीतून एका दमात सूचना देतो की पुस्तक उघडा, दुसरा परिच्छेद मनात वाचा, फळ्यावरच्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधा आणि ती शेजाऱ्याला सांगा. आणि लगेच विचारतो, ‘डू यू अंडरस्टँड?’ सारा वर्ग एका सुरात ‘येस सर’ म्हणतो. त्यानंतर काही मुले पुस्तक उघडतात, काही शेजाऱ्याचे पाहून उघडतात, आणि फळ्यावरच्या प्रश्नांकडे मोजक्याच मुलांचे लक्ष जाते. ‘येस सर’ हा प्रतिसाद आकलनाचा पुरावा नसून तासाच्या शिष्टाचाराचा भाग आहे, हे ओळखणे ही इंग्रजीच्या शिक्षकाची पहिली व्यावहारिक कसोटी होय. हीच सूचना एकेका टप्प्याने दिली, प्रत्येक टप्प्यावर स्वतः कृती करून दाखवली, आणि समजले का असे विचारण्याऐवजी ‘विच पॅरेग्राफ?’, ‘हाऊ मेनी क्वेश्चन्स?’ असे एका शब्दात उत्तर देता येणारे प्रश्न विचारले, तर मागच्या बाकावरचे मूलही सूचना इंग्रजीतूनच समजून घेते आणि कामाला लागते. हे कौशल्य वाचून येत नाही. करून, फसून आणि पुन्हा करूनच ते येते.

पुन्हा करण्याची ही संधी प्रशिक्षणात असावी, हा विचार नवा नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६०च्या दशकाच्या आरंभी ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत विकसित केली. थोडे विद्यार्थी, थोडा वेळ आणि एका वेळी एकच कौशल्य हे तिचे बाह्य रूप सर्वांना परिचित आहे; परंतु पाठ देणे, त्यावर प्रत्याभरण म्हणजे सुधारणेसाठी उपयोगी अभिप्राय घेणे, पाठाची पुनर्रचना करणे आणि तोच पाठ पुन्हा देणे, हे चक्र तिचा खरा प्राण आहे. आपल्याकडे सूक्ष्मपाठ झाले की हे चक्र पुष्कळदा पहिल्या अध्यापनापाशीच थांबते आणि पुनर्अध्यापन वहीत नोंदवण्यापुरते उरते. शिवाय सूक्ष्मपाठात विद्यार्थी म्हणून सहाध्यायीच बसतात, ज्यांना उत्तरे आधीच ठाऊक असतात, म्हणून सूचना खरोखर समजली की नाही याची परीक्षा तेथे होतच नाही. त्यामुळे शाळेतील आंतरवासितेत तरी एक पाठ एका तुकडीला दिल्यानंतर, त्यावर चर्चा करून, तोच पाठ दुसऱ्या तुकडीला सुधारून देण्याची सोय वेळापत्रकातच केली पाहिजे. वेगवेगळ्या घटकांवर एकेकदा दिलेल्या पुष्कळ पाठांपेक्षा दोनदा दिलेले थोडे पाठ छात्राध्यापकाला अधिक शिकवतील.

मुलांचे बोलणे ऐकण्याचे शिक्षण द्यायचे तर प्रश्न आणि चूक या दोन गोष्टींकडे विशेष लक्ष पुरवावे लागते. प्रश्नाबाबत अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. प्राथमिक विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करताना त्यांना असे आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि हा प्रतीक्षाकाल तीन सेकंद किंवा त्याहून अधिक झाला तर मुलांची उत्तरे अधिक लांब आणि अधिक विचारपूर्वक होतात. त्या वर्गांतील अध्यापन इंग्रजीतून, म्हणजे तेथील मुलांच्या सरावाच्या भाषेतून, चालत होते, हे लक्षात घेतले म्हणजे मराठी माध्यमातील मुलाला किती अधिक अवधी लागत असेल याची कल्पना येते; कारण त्याला आधी प्रश्न समजून घ्यायचा असतो, मग उत्तर सुचायचे असते आणि नंतर त्यासाठी परक्या भाषेतले शब्द जुळवायचे असतात. वर्गातील शांततेला घाबरणारा छात्राध्यापक स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो; ती शांतता काही क्षण पेलण्याचा सराव त्याला जाणीवपूर्वक द्यावा लागतो.

चुकीचेही असेच आहे. ‘काल काय केलेस?’ या अर्थाच्या इंग्रजी प्रश्नाला एखादी मुलगी ‘यस्टर्डे आय गो टू माय मामाज व्हिलेज’ असे उत्तर देते, तेव्हा तिने स्वतःच्या आयुष्यातली खरी गोष्ट इंग्रजीतून सांगितलेली असते आणि त्यात भूतकाळाच्या रूपाची एक चूक केलेली असते. शिक्षकापुढे तेव्हा अनेक वाटा असतात. तो लगेच थांबवून नियम सांगू शकतो. ‘ओह, यू वेंट टू युवर मामाज व्हिलेज?’ असे म्हणून योग्य रूप सहज कानावर घालू शकतो, ज्याला भाषाशिक्षणात पुनर्मांडणी म्हणता येईल; ‘यस्टर्डे आय...?’ असे म्हणत थांबून तिलाच सुधारायला लावू शकतो; किंवा तूर्त गोष्ट पुढे नेऊन तासाच्या शेवटी साऱ्या वर्गासाठी ते रूप फळ्यावर घेऊ शकतो. भाषाशिक्षणाचे संशोधक रॉय लिस्टर आणि लैला रांता यांच्या १९९७ मधील अभ्यासात, त्यांनी पाहिलेल्या वर्गांत शिक्षक पुनर्मांडणीचाच सर्वाधिक वापर करतात, परंतु विद्यार्थी त्या सुधारणेची दखल तुलनेने कमी वेळा घेतात, असे दिसून आले. यावरून कोणतीही एक वाट सरसकट त्याज्य ठरत नाही. कोणत्या मुलासाठी, कोणत्या क्षणी कोणती वाट घ्यावी याचा निर्णय शिक्षकाचा असतो आणि तो निर्णय नंतर तपासून पाहण्याची सवय प्रशिक्षणातच लागावी लागते.

छात्राध्यापकाच्या स्वतःच्या इंग्रजीचा प्रश्नही येथे टाळता येणार नाही. अनेक छात्राध्यापक स्वतः मराठी माध्यमातून शिकलेले असतात आणि निरीक्षकासमोर चूक होईल या भीतीने पाठ केलेली वाक्येच बोलतात. ती वाक्ये संपली की संपूर्ण मराठीकडे वळतात. त्यांना व्याकरणाच्या उजळणीइतकीच वर्गातील व्यवहाराच्या इंग्रजीची, म्हणजे सूचना देणे, गट पाडणे, प्रोत्साहन देणे, गोंधळ आवरणे यांसाठी लागणाऱ्या साध्या वाक्यांची, बोलती तयारी हवी. मराठीचा वापर हा अपराध मानण्याचेही कारण नाही. एखाद्या अमूर्त शब्दाचा अर्थ मराठीत सांगून वाचलेला वेळ मुलांच्या इंग्रजी बोलण्यावर खर्च झाला, तर तो वापर शहाणपणाचा आहे. परंतु प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे त्याचे भाषांतर येत राहिले, तर मुले इंग्रजी वाक्य ऐकणेच सोडून देतात.

या सर्व गोष्टी निरीक्षणाच्या कक्षेत आणण्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. नेड फ्लँडर्स यांच्या आंतरक्रिया विश्लेषणाचा परिचय अध्यापक महाविद्यालयांतील अनेकांना सिद्धांताच्या अभ्यासातून झालेला असतो. वर्गातील बोलण्याची दर तीन सेकंदांनी दहा प्रकारांत नोंद करणारी ही पद्धत आहे आणि त्यातील सात प्रकार शिक्षकाच्या, दोन विद्यार्थ्याच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा आहे. तिचे सोपे रूप सरावात सहज आणता येईल. पाठ टाचणातील ‘विद्यार्थी कृती’च्या रकान्याशेजारी एक कोरा रकाना ठेवावा आणि पाठ चालू असताना सहाध्यायी छात्राध्यापकाने त्यात मुलांची प्रत्यक्ष वाक्ये, जशी उच्चारली तशी, त्यांच्या चुकांसह लिहावीत, कोणती मुले बोलली आणि कोणती अखेरपर्यंत गप्प राहिली, याचीही खूण करावी. पाठानंतरची चर्चा या रकान्यापासून सुरू झाली, तर अपेक्षित उत्तर आणि प्रत्यक्ष उत्तर यांतील अंतर छात्राध्यापकाला स्वतःच दिसेल आणि निरीक्षकाचा शेरा व्यक्तीवरचा अभिप्राय न राहता पुराव्यावरचा विचार होईल.

यासाठी शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकाला मार्गदर्शकाचे खरे स्थान द्यावे लागेल. छात्राध्यापक आले म्हणजे तास मोकळे झाले किंवा रजेवरच्या शिक्षकाची सोय झाली, अशी शाळेची धारणा असेल, आणि महाविद्यालयाला केवळ सह्यांची पूर्तता हवी असेल, तर दुसऱ्या वर्षाचे १६ आठवडे पाठांच्या संख्येत विरून जातील. महाविद्यालयाने कमी शाळा निवडून त्यांच्याशी दीर्घकाळ संबंध ठेवावा, छात्राध्यापकाकडे एकच वर्ग सलग सोपवावा आणि मार्गदर्शक शिक्षकाच्या मताला गुणांमध्ये वजन द्यावे, एवढे तरी तातडीने करण्यासारखे आहे.

भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील साध्या शाळांमध्ये बंगळूर प्रकल्प राबवला आणि मुलांना अर्थपूर्ण कृती करायला लावून इंग्रजी शिकवण्याची दिशा जगापुढे ठेवली. पुढे १९९०मध्ये त्यांनीच असे प्रतिपादन केले की सर्वोत्तम अशी एकच पद्धत नसते, तर आपल्या वर्गात शिकणे कशाने घडते याविषयी शिक्षकाची स्वतःची जाण जागी असणे अधिक महत्त्वाचे असते. आंतरवासितेचे उद्दिष्ट याहून वेगळे असू शकत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. अभ्यासक्रम ही शिक्षकाची किमान पात्रता होणार आहे आणि त्या निमित्ताने विद्यापीठे आपले आराखडे नव्याने आखत आहेत. इंग्रजीच्या सराव पाठाला दिल्या जाणाऱ्या गुणांपैकी निम्मे तरी मुलांच्या बोलण्याची नोंद, तिच्यावरील चर्चा आणि त्यानुसार सुधारून दिलेला दुसरा पाठ यांना असावेत, ही मागणी अभ्यासमंडळांपुढे ठेवण्याची हीच वेळ आहे. आणि ती ठेवण्याचा अधिकार, तसेच जबाबदारी, दररोज वर्गात उभ्या राहणाऱ्या आणि उद्याचे शिक्षक घडवणाऱ्या या मासिकाच्या वाचकांचीच आहे.