भीतीची मजुरी कोण ठरवतो?

थरारपट म्हटला की समाजवादी चळवळीतील काही मंडळी नाक मुरडतात. श्रमिकांना पाजलेली ही आणखी एक गुंगी, असा निकाल देऊन ती मोकळी होतात. त्यांनी आंरी-जॉर्ज क्लूझो यांचा ‘द वेजेस ऑफ फिअर’ हा १९५३ चा फ्रेंच चित्रपट अवश्य पाहावा.

दक्षिण अमेरिकेतील एका काल्पनिक गावात देशोदेशींचे बेकार अडकून पडले आहेत. अमेरिकी कंपनीच्या तेलविहिरीला आग लागते. ती विझवण्यासाठी नायट्रोग्लिसरीन हवे. दोन साधे ट्रक, खाचखळग्यांचा रस्ता आणि चालकाला प्रत्येकी २००० डॉलर! कंपनीचा अधिकारी या भटक्यांनाच निवडतो, कारण त्यांना ना संघटना, ना मागे विचारणारे कोणी. काम जितके कष्टाचे तितकी मजुरी अधिक, हे अ‍ॅडम स्मिथचे १७७६ मधील सूत्र पुढील अर्थशास्त्रज्ञांनी धोक्यालाही लावले. क्लूझो दाखवतात ते वेगळेच: ही किंमत धोक्याची नव्हे, असहायतेची आहे. गाव सोडण्यापुरते विमानभाडेही ज्याच्यापाशी नाही, त्याच्यापुढे करारस्वातंत्र्याच्या गप्पा ही क्रूर थट्टाच होय. प्रत्येक खड्ड्यापाशी प्रेक्षकाचा श्वास अडकतो तो या अर्थकारणामुळे. चित्रपटाचा पूर्वार्ध कंटाळवाणा म्हणणाऱ्यांनी बेकारी जवळून पाहिलेली नसावी. १९५५ मध्ये अमेरिकेत तो प्रदर्शित झाला तेव्हा कंपनीवर टीका करणारी दृश्ये कापली गेली. कात्रीला मर्म बरोबर कळले होते.

तरीही चित्रपट निर्दोष नाही. आगीत बळी पडलेल्या स्थानिक कामगारांच्या आप्तांचा संताप क्षणभर उसळतो आणि कथेतून कायमचा नाहीसा होतो. गुत्त्यात राबणाऱ्या लिंडाला मारिओ जनावरासारखे वागवतो, आणि दिग्दर्शकाला त्यात काही वावगे वाटत नाही. तेलाच्या डबक्यात ट्रक रुतू नये म्हणून मारिओ सोबत्याच्या पायावरून चाक नेतो, हे भीषण असले तरी खरे आहे. उपासमार माणसाला तेथवर नेते.

खोटा आहे तो शेवट. मृत सोबत्याचीही मजुरी खिशात घालून परतणारा मारिओ वाल्ट्‌झच्या तालावर ट्रक नागमोडी पळवतो आणि दरीत कोसळतो. समीक्षक याला नियतीचा उपरोध म्हणून गौरवतात. वस्तुतः येथे क्लूझो यांनी आरोपीलाच सोडून दिले आहे. तासभर ज्या मृत्यूची जबाबदारी कंपनीवर होती, तो अखेरीस मजुराच्याच बेफिकिरीतून येतो. कंपनीच्या हिशेबात त्याची नोंदही होणार नाही. माल केव्हाच पोहोचलेला असतो आणि ट्रक रिकामा असतो.