वनौषधींची पट्टी आणि मेळघाटचा वाटा

दातकिडीला आळा घालण्यासाठी वनौषधींचा अर्क असलेली, तोंडात चिकटून राहणारी पातळ पट्टी सिद्ध करण्याचे प्रयत्न संशोधक करीत आहेत. कल्पना युक्त आहे. साखरेवर पोसणारे जंतू आम्ल निर्माण करतात व ते दाताचे कवच झिजविते. चूळ भरण्याचे औषध लाळेबरोबर लवकर वाहून जाते. पट्टी ते सावकाश सोडीत राहते. चिखलदऱ्याच्या आसपासच्या ज्या खेड्यांना दंतवैद्याचा दवाखाना दूरचा आहे, त्यांना अशा साधनाचे मोल शहराहून अधिक.

परंतु 'वनौषधी' हे नाव म्हणजे गुणाचा दाखला नव्हे. काचेच्या नळीत जंतू मेले म्हणजे मुलाचा दात वाचला, असे होत नाही. फ्लोराइडयुक्त पेस्टची उपयुक्तता दीर्घ चाचण्यांनी सिद्ध झाली आहे. पट्टीनेही त्याच कसोटीस उतरले पाहिजे आणि तोवर तिने ब्रशाची जागा घेऊ नये.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. कडुनिंब-बाभळीचे दातवण वऱ्हाडास नवे नाही. जखमेवर हळद लावण्याच्या उपायाला अमेरिकेने १९९५ साली दिलेले पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने आव्हान दिल्यावर, १९९७ साली रद्द झाले. परक्यांपासून वारसा राखला गेला. घरच्या वारसदारांचे काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी आणि पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्क वनवासी समाजांना दिले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभात वाटा ठेवला. मात्र २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापरास त्यातून सूट दिली. ज्ञान पोथीत सापडले की रान राखणाऱ्या कोरकूंचा वाटा संपला, हा न्याय अजब आहे. पोथी झाड वाढवीत नाही.

म्हणून सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या अशा प्रत्येक संशोधनास सरकारने दोन अटी घालाव्यात: माणसांवरील रीतसर चाचणीवाचून विक्री नाही, आणि वनस्पती जेथून येईल तेथील ग्रामसभेची संमती, योग्य भाव व लाभातील वाटा यांचा लेखी करार झाल्यावाचून संकलन नाही. गुण सिद्ध झाल्यास ही पट्टी प्रथम आश्रमशाळांत विनामूल्य पोहोचावी. साल मेळघाटची, पट्टी शहराची आणि किडका दात पुन्हा मेळघाटच्याच मुलाचा, हा हिशेब आम्हांस मान्य नाही.