प्लास्टरचं मशीन आलं; कोपऱ्यांचे पैसे कोण देणार?

मोठ्या अपार्टमेंटच्या साइटवर थापी-रंध्याच्या जोडीला आता प्लास्टरचं मशीनही दिसू लागलं आहे. ते दिसलं की ‘आता गवंडी नको’ ही चर्चा सुरू होतेच. पण हे मशीन काय करतं आणि काय करत नाही, हे नीट पाहिलं तर प्रश्न वेगळाच निघतो. गवंडी लागणारच आहे. त्याला पैसे कशाचे मिळणार, हा खरा मुद्दा आहे.

मशीनचे मुख्य प्रकार दोन. पहिलं भिंतीवर चढणारं. दोन उभे खांब जमीन आणि स्लॅब यांच्यात घट्ट बसवून ओळंब्यात आणायचे. त्यांच्यावरून मालाची पेटी मोटरने वर सरकते, माल भिंतीवर दाबला जातो आणि पोलादी पाटा तो एका जाडीत सपाट करतो. एक पट्टा झाला की खांब सोडून पुढे न्यायचे आणि पुन्हा ओळंबा लावायचा. दुसरं मशीन पंपाचं. जिप्सम किंवा तयार प्लास्टर पाण्यात मिसळून पाइपमधून भिंतीवर फवारलं जातं. सपाट करायला मात्र माणसंच लागतात. जिप्समला पाणी मारावं लागत नाही, पण ओल सोसत नाही. म्हणून बाहेरच्या भिंती आणि बाथरूमला सिमेंटच.

वेग खरा, पण तो तयारीवर अवलंबून. साध्या सिमेंटचा माल अर्ध्या-पाऊण तासात आवळायला लागू शकतो. मध्येच वीज गेली तर पेटीत आणि पाइपात माल अडकतो. शिवाय मशीन ओळंबा सोडत नाही. विटांचं काम वाकडं असेल तर आतल्या भिंतीचं 12 मिलिमीटरचं प्लास्टर काही जागी दुप्पट जाड होतं. बचत गेली सिमेंटात!

आता गवंड्याकडे काय उरतं ते बघा. खिडक्या-दारांच्या कडा, बीम-कॉलमचे कोपरे, स्लॅबलगतची पट्टी, स्विच बोर्डाच्या पेटीभोवतीची जागा. सगळ्यात किचकट, वेळ खाणारं काम. प्लास्टरचा ठेका मात्र बहुतेक ठिकाणी चौरस फुटावर किंवा ब्रासवर, म्हणजे 100 चौरस फुटांवर ठरतो. आजवर सपाट भिंत झटपट व्हायची आणि कोपऱ्यात गेलेला वेळ तिथे भरून निघायचा. मशीनने नेमकी ती सपाट भिंत घेतली. उरलेल्या कामाचं माप जुन्याच पद्धतीने घेतलं, तर गवंडी तेवढाच राबेल आणि हातात कमी पडेल.

सीमाभागात याला आणखी एक बाजू आहे. खानापूर, चंदगडकडची माणसं कामासाठी बेळगावला, गोव्याला जातात. बांधकाम कामगार कल्याण मंडळं मात्र राज्यवार आहेत. 1996 च्या कायद्यापासून चालत आलेली नोंदणीची अट म्हणजे मागच्या 12 महिन्यांत किमान 90 दिवस काम. मशीनमुळे एका साइटवरचे दिवस कमी झाले, तर तेच 90 दिवस दोन-तीन ठेकेदारांत आणि दोन राज्यांत विखुरतात. दाखले गोळा करायचे कोणाकडून? मुलांची शिष्यवृत्ती, आजारपणाची मदत सगळं त्या नोंदणीवरच तर असतं.

मशीनला विरोध करून काही साधणार नाही. दिवसभर वर हात करून माल मारणाऱ्याचे खांदे काय होतात, हे गवंड्यांच्या घरी माहीत आहे. ते कष्ट कमी व्हायलाच हवेत. पण ठेका घेतानाच दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. कडा-कोपऱ्यांचा दर रनिंग फुटावर वेगळा लावायचा, आणि प्रत्येक साइटच्या दिवसांचा दाखला काम संपताच हातात घ्यायचा. मशीन चालवायला शिकण्याची संधी आपल्याच गवंड्यांना आधी मिळावी, हेही मागायला हरकत नाही. ओळंबा त्यांना कळतो, आणि मशीनलाही पहिल्यांदा तोच लागतो.