पुसण्यापूर्वी

कागदावरील छायाचित्र फाटले, तरी त्याचे तुकडे उरतात. डिजिटल कॅमेऱ्याच्या कार्डातील चित्र पुसले आणि त्या जागी नवे बसले, की जुन्याचा मागमूसही राहत नाही. म्हणून पुसणे हे या व्यवहारातील शेवटचे काम असावयास हवे.

१९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे पुष्कळसे काम एका चुकीच्या आज्ञेने संगणकातून पुसले गेले. राखून ठेवलेली प्रत होती. पण तीही सदोष निघाली. सुदैवाने एका कर्मचारी स्त्रीच्या घरच्या संगणकावर आणखी एक प्रत होती; तिच्यामुळे बहुतेक काम परत मिळाले.

प्रत असणे निराळे आणि ती उघडून पाहिलेली असणे निराळे, हेच यातील मर्म होय. चित्रे प्रथम संगणकात उतरवावीत. दुसरी प्रत वेगळ्या साधनावर करून शक्य तर दुसऱ्या घरी ठेवावी. दोन्ही उघडून पाहाव्यात आणि मगच कार्ड रिकामे करावे. जागा अपुरी पडते म्हणून घाई करणे हा शहाणपणा नव्हे. कार्ड दुसरे आणता येते. दिवंगत आजोबांचा चेहरा पुन्हा टिपता येत नाही.